खिशातला हात

यशया भिंगारदिवे चहा पीत नाहीत, अशी केडगावात सगळ्यांचीच समजूत होती. कुणी हॉटेलात बोलावलं की ते छातीवर हात ठेवून म्हणायचे, "नको, मला सोसत नाही." पित्ताचा त्रास असेल म्हणून लोकांनी आधी आग्रह सोडला आणि पुढे बोलावणंही सोडलं. खरं तर या माणसाला चहाइतकं प्यारं दुसरं काही नव्हतं. एके काळी नगरच्या मोटार-अड्ड्यावर त्यांचा दिवस कपबशीनंच सुरू व्हायचा आणि भोवती चार माणसं असायची. पण दुसऱ्याचा चहा घेतला की कधीतरी आपल्यालाही पाजावा लागतो. पाजायची हिंमत त्यांच्यात उरली नव्हती.

पैसे नव्हते असं मात्र नाही. स्टेशन रस्त्यावरच्या एका कारखान्यात ते विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. लढाई संपल्यापासून बागाईतदारांनी इंजिनं घेण्याचा सपाटा लावला होता, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. पगार हातात आला की ते तडक पोस्टात जाऊन भरायचे. भरायला हात चालायचा. काढायला चालत नव्हता.

हे सगळं मोटारीपासून सुरू झालं.

यशयांचे वडील मिशनच्या बंगल्यावर टांगा हाकायचे. टांगेवाल्याच्या पोरानं अडतीस साली नगर ते पाथर्डी स्वतःची मोटार सुरू केली, तेव्हा भिंगारपासून केडगावापर्यंत सगळ्या ओळखीच्यांना त्याचं कौतुक वाटलं. गाडीच्या कपाळावर 'इम्मानुएल मोटार सर्व्हिस' अशी पिवळी अक्षरं होती. ड्रायव्हर छगन पाथर्डीकडचा, अंगानं आडदांड आणि मनानं मऊ. तो त्यांना 'मालक' म्हणायचा आणि यशयांना ते आवडायचं. गाडी चांगली चालली. एकेचाळीस साली त्यांनी दुसरी गाडी घेतली, तीही उसनवारीवर. मोठी रक्कम सावकाराची होती, पण ओळखीच्या साध्या माणसांनीही विश्वासानं पैसे ठेवले होते. केडगावच्या रंगुबाई दूधवालीनं तर एक म्हैस विकून पैसे आणून दिले होते. "मोटारवाले, माजी म्हस आता तुमच्या गाडीत हाय बरं का," असं म्हणून ती हसली होती.

त्याच वर्षी लढाईमुळे पेट्रोलवर सरकारचा ताबा आला. महिन्याला जे मिळे त्यात एक गाडीही धड चालेना. मग यशयांनी इतरांसारखी गाडीच्या मागे कोळशाची भट्टी बसवून घेतली. कोळशाच्या धुरावर चालणारी ती मोटार सपाटीला कशीबशी जायची, पण करंजीचा घाट आला की धापा टाकायला लागायची. उतारू खाली उतरायचे, बाया डोक्यावर बोचकी घेऊन चढ चढायच्या, बापे मागून गाडी ढकलायचे. पुढे टायर मिळेनासे झाले. उतारू बैलगाडीनं जायला लागले. बेचाळीसच्या पावसाळ्यात यशयांची बायको हन्ना विषमज्वरानं गेली, आणि त्रेचाळीस साली देणी फिटेनात म्हणून त्यांनी कोर्टात नादारीचा अर्ज दिला.

लिलाव घरासमोरच झाला. दोन्ही गाड्या आधीच गेल्या होत्या. त्या दिवशी कपाट गेलं, पलंग गेला, हन्नाचं शिवणाचं मशीन गेलं. यशया कालपासून उपाशी होते. उन्हात उभं राहवेना, तेव्हा ते रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात गेले आणि एक कप चहा मागितला. कप ओठाला लावतात तोच गर्दीतून रंगुबाईचा आवाज आला.

"आमच्या पैशावर चाललाय व्हय च्या? प्या, प्या! चांगला मलईचा प्या!"

लोक हसले. हसण्यासारखं त्या दिवशी दुसरं काही घडलं नव्हतं, म्हणून जरा जास्तच हसले. यशयांनी कप खाली ठेवला.

ते वाक्य त्यांच्या कानात बसलं ते बसलंच. कुठल्याही दुकानापुढे उभं राहून खिशात हात घातला की तोंडाला कोरड पडायची, तळवा घामानं भिजायचा, आणि मागून कुणीतरी आता बोलेल असं वाटायचं. हात खिशातच राहायचा. ज्वारी, मीठ, मिरची, दिव्याचं तेल एवढं ते घ्यायचे, तेही दुकानात गिऱ्हाईक नसताना, चोरी केल्यासारखं. वहाण तुटली तर टायरचा तुकडा लावून स्वतः शिवायचे. सत्तेचाळीस साली कोर्टानं त्यांना नादारीतून मोकळं केलं, तसा कागदही दिला. पण कागद मिळाला म्हणून मान वर होत नाही. आता कुणाचं कायद्यानं काही देणं नव्हतं, तरी यशया रस्त्यानं कडेकडेनं चालायचे, आणि रंगुबाई ज्या वाटेनं दूध घालायला जायची ती वाट टाळायचे.

माणसं अशीच एकेक करून सुटत गेली. रविवारी ते मिशनच्या देवळात जायचे, पण आत बसायचे नाहीत. उपासना चालू असताना दानाची पिशवी बाकाबाकावरून फिरायची. ती आपल्यापुढे येणार, आपला हात खिशात अडकणार आणि शेजारचा बघणार, या भीतीनं ते बाहेर पायरीवर बसून गायनं ऐकायचे. शेवटचा आशीर्वाद सुरू झाला की उठून चालू लागायचे. लग्नाचं आमंत्रण आलं तर आहेराच्या धास्तीनं त्या दिवशी कारखान्यात जादा काम मागून घ्यायचे. छगन अधूनमधून यायचा. अठ्ठेचाळीसच्या जूनमध्ये पुणे-नगर सरकारी मोटार सुरू झाली आणि त्याला तिथं नोकरी लागली. खाकी कपडे घालून तो मुद्दाम मालकांना दाखवायला आला.

"मालक, चला की गाडी बगायला. फुकाट न्हेतो पुन्यापत्तोर."

"बघतो पुढच्या खेपेला," यशया म्हणाले.

सरकारी गाडी त्यांच्या चाळीवरूनच जायची. आवाज आला की ते दारात येऊन उभे राहायचे. गाडी ओळखू यायची, पण ड्रायव्हर छगन आहे की दुसरा कुणी ते कळायचं नाही, कारण त्यांचा चष्मा दोन वर्षांपूर्वी फुटला होता. जवळचं त्यांना नीट दिसायचं, त्यामुळे कामाचं अडत नव्हतं. लांबचं सगळं धुक्यातलं असावं तसं. नवा चष्मा घ्यायला ते कापडबाजारातल्या दुकानापर्यंत अनेकदा गेले आणि दाराशी घुटमळून परत आले. ड्रायव्हरनं हात केला असं वाटलं तर ते हात करायचे. नाही वाटलं तर नुसतेच उभे राहायचे.

त्यांची एकुलती एक मुलगी रोझी श्रीरामपूरला दिली होती. जावई जॉर्ज शाळामास्तर, सरळ माणूस. नगरहून श्रीरामपूर म्हणजे आगगाडीनं काही लांब नव्हे. तरी यशया तिथं एकदाच गेले होते, नातीच्या बाप्तिस्म्याला. रोझीनं मुलीचं नाव आईचं ठेवलं होतं, हन्ना. यशया हात हलवत गेले होते. जेवणं चालू असताना आतल्या खोलीत रोझीच्या सासूनं सहज विचारलं, "आजोबांनी काय आणलं गं नातीला?" रोझी म्हणाली, "पाठवणार आहेत." यशयांनी ते दाराआडून ऐकलं. लेकीला आपल्यासाठी खोटं बोलावं लागलं, हे त्यांना फार लागलं. पण त्याचा परिणाम उलटाच झाला. काही पाठवण्याऐवजी त्यांनी जाणंच बंद केलं.

सरकारी मोटार सुरू झाली त्याच जूनमध्ये रोझीचं कार्ड आलं. जॉर्जला सोलापूरच्या शाळेत जागा मिळाली होती आणि ते बिऱ्हाड घेऊन निघाले होते. गाडी दुपारी नगरला थांबेल, तेव्हा बाबा तुम्ही फलाटावर या, हन्ना आता चांगली बोलते, तुमचं नाव घेते, असं लिहिलं होतं. यशयांनी कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. दाढी केली, धुतलेला सदरा घातला. नातीला काहीतरी न्यावं म्हणून वाटेत फळवाल्यापाशी थांबले, आणि थांबूनच पुढे गेले.

स्टेशनात खिडकीपुढे रांग होती. फलाटाचं तिकीट म्हणजे काही मोठी रक्कम नव्हे. यशया रांगेत सरकत सरकत खिडकीशी आले. आतल्या बाबूनं "हं?" म्हणून विचारलं. त्यांनी खिशात हात घातला. नाणं बोटांना लागलं. मागं उभ्या असलेल्या माणसाचा श्वास त्यांच्या मानेवर येत होता.

"घ्या की लवकर, गाडी आली," मागचा म्हणाला.

त्या आवाजात खरं तर घाईशिवाय दुसरं काही नव्हतं. पण यशयांच्या अंगाला दरदरून घाम फुटला. ते रांगेतून बाहेर झाले, मागच्या माणसाला म्हणाले, "तुम्ही घ्या आधी," आणि चालत सुटले ते स्टेशनाच्या कुंपणाशी जाऊन थांबले. तिथून फलाट दिसत होता. 'इथूनही दिसेलच की,' असं त्यांनी स्वतःला समजावलं.

गाडी आली. वाफेचा लोट, हमालांची धावपळ, टोपल्या, ट्रंका. कुंपणापासून डबे फार लांब नव्हते, पण यशयांना चेहरे दिसत नव्हते. नुसते रंग हलत होते. एका डब्याच्या दारात पांढऱ्या पातळातली बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. "रोझी!" म्हणून त्यांनी हात हलवला. पुन्हा दोन्ही हात हलवले. ती बाई त्यांच्याकडे बघत राहिली, मग तिनं पदर सावरला आणि आत गेली. ती रोझी नव्हती. मग त्यांनी दुसऱ्या एका बाईकडे बघून हात हलवला, पण अर्ध्यातच खाली घेतला. कुठूनतरी 'बाबा' अशी हाक आल्यासारखी वाटली. स्टेशनात किती जणींचे बाबा असतील. शिट्टी झाली, गाडी हलली, आणि फलाट रिकामा होत गेला.

ते कुंपणाच्या कडेनं फाटकापर्यंत आले. तिकीट गोळा करणारा माणूस स्टुलावर बसत होता. यशयांनी त्याला विचारलं, "एक बाई होती का हो, लहान मुलगी बरोबर असलेली?"

"होती की. पार इथपर्यंत आली दोनदा. कुणी म्हातारे गृहस्थ दिसले का म्हणून विचारत होती. पोरीला उचलून उचलून दाखवत होती, बघ आजोबा येतील म्हणून." त्यानं यशयांकडे नीट बघितलं. "तुम्हीच का ते? उशीर झाला वाटतं."

"हो," यशया म्हणाले. "उशीर झाला."

आठवड्यानं सोलापूरहून कार्ड आलं. 'बाबा, फार वाट पाहिली. तुम्हाला बरं नव्हतं का? कळवा, जिवाला घोर आहे.' तिला रागवावंसं वाटलं नव्हतं. बाप आजारी असेल असंच तिनं धरलं होतं. यशयांनी उत्तरासाठी कार्ड पुढे घेतलं, पण खोटं लिहवेना आणि खरंही लिहवेना. कार्ड कोरंच राहिलं. त्या पावसाळ्यात ते कुणाशी फारसं बोलले नाहीत. कामावरून आले की भाकरी करायची, खायची, आणि दारात बसायचं. समोरून गाड्या जायच्या.

पोळा झाला, पाऊस उघडला, तेव्हा एके दिवशी कारखान्याच्या दारात बैलगाडी थांबली. गाडीत गवतावर इंजिन ठेवलेलं होतं. यशया खाली वाकून एका पंपाचे बोल्ट सोडवत होते.

"आरं कोन हाय का? ह्ये इंजान नुस्तं धूर वकतंय! पान्याचा पत्त्या न्हाई!"

आवाज ओळखायला त्यांना चष्म्याची गरज नव्हती. त्यांच्या हातातला पाना खाली पडला. एरवी लांबून अंदाज घेऊन ते केव्हाच वाट बदलत, पण आता रंगुबाई दोन हातांवर उभी होती. केस पिकले होते, अंगावर बऱ्यापैकी लुगडं होतं. कारखान्याच्या मालकानं इंजिन यशयांच्याच पुढ्यात उतरवून घेतलं.

यशया इंजिन उघडायला लागले. रंगुबाई शेजारच्या लाकडी ओंडक्यावर बसली आणि त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली.

"मोटारवाले का तुमी?"

"हो."

"आगं बया! वाळलात की पार. मला वाटलं गाव सोडून गेला तुमी. दिसत न्हाई कुटं."

"इथंच असतो."

ती पुन्हा इंजिनाकडे बघू लागली. यशयांना वाटलं, आता बोलेल. चारचौघांत बोलेल. बोलून टाकलेलं बरं, असंही वाटलं. ती काहीच बोलेना, तेव्हा त्यांनाच राहवलं नाही. हातातली चिंधी बाजूला ठेवून ते म्हणाले, "रंगुबाई, तुमचे पैसे बुडाले माझ्यापायी."

"बुडाले तर. चार आनेबी न्हाई आले हातात. म्हस गेली माजी. लई श्या दिल्या मी तुमाला."

"त्या दिवशी लिलावात तुम्ही म्हणालात, आमच्या पैशावर चहा चाललाय. तेव्हापासून..." पुढचं त्यांना सांगता येईना. ते थांबले, आणि मग एकदम म्हणाले, "तेव्हापासून मी चहा प्यालो नाही."

रंगुबाईनं कपाळाला आठ्या घातल्या. तिला खरोखरच काही आठवत नव्हतं.

"मी म्हनले? आसंल. लई कायकाय म्हनले आसंल त्या दिशी, डोकं थाऱ्यावर हुतं का माजं? पर च्याचं काय मनाला लावून घेतलं तुमी? माजी म्हस काय तुमी च्यात घालून पेलात व्हय? लडाईनं खाल्ली तिला. गाडी ढकलताना म्याबी हुते की घाटात एकडाव!"

यशया तिच्याकडे बघतच राहिले. पाच वर्षं ते ज्या वाक्याच्या धाकात वागले, ते म्हणणारीला ठाऊकच नव्हतं. त्यांना हलकं वाटायला हवं होतं. पण आधी राग आला, तिचा नव्हे, कुणाचा ते त्यांना कळलं नाही. मग फार थकल्यासारखं झालं. नातीची भेट गेली, रोझीची गाडी गेली, पायरीवर बसून रविवार गेले, आणि मागून बोलणारं माणूस तिथं कधी उभंच नव्हतं.

"पैसं गेलं त्याचं दुख हाय मला, खोटं कशाला सांगू," रंगुबाई म्हणाली. "पर तुमी उपाशी ऱ्हाऊन माजी म्हस काय परत यायाची न्हाई. आन आसं करा, पैसं ऱ्हाऊं द्या, च्या तरी पाजा आता. सकाळधरनं गाडीत बसून आंग आंबलंया."

कारखान्यासमोर एक टपरीवजा हॉटेल होतं. यशया तिच्यामागून गेले. दोन कप सांगितले ते रंगुबाईनंच. चहा आला. तिनं बशीत ओतून फुर्र आवाज करत घेतला आणि हॉटेलवाल्याला सुनावलं, "साकर कंची हाय, उसाची का निंबाची?" यशयांनी कप उचलला. खाली मान घालून त्यांनी तो संपवला.

पैसे द्यायची वेळ आली. हात खिशात गेला आणि तिथंच राहिला. हॉटेलवाला उभा, रंगुबाई उभी. तळव्याला घाम सुटला.

"काय झालं? न्हाईत का?" तिनं विचारलं.

"आहेत."

"मग द्या की."

त्यांनी दिले. नाणी हॉटेलवाल्याच्या हातावर पडली, त्यानं ती न बघताच गल्ल्यात टाकली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. कुणीही काही बोललं नाही. रंगुबाई तोंड पुसत म्हणाली, "इंजान कवा द्याल?"

एका चहानं माणूस बरा होत नाही. दुसऱ्याच दिवशी यशया उत्साहानं चष्म्याच्या दुकानात शिरले, डोळे तपासून घेतले, किंमत ऐकली आणि 'उद्या येतो' म्हणून बाहेर पडले. रस्त्यावर येऊन ते एका ओट्यावर बसले. छाती धडधडत होती. 'आता मागं कुणी नाही,' असं ते मनाशी म्हणत होते, पण हात ऐकत नव्हता. इतक्या वर्षांची हाताची सवय, ती काय एका बाईच्या बोलण्यानं जाणार. ते तसेच परत आले. पुढच्या आठवड्यात मात्र त्यांनी युक्ती केली. पोस्टातून पैसे काढले आणि घरी न जाता, खिशात न ठेवता, मुठीत धरूनच दुकानात गेले आणि गल्ल्यावर मूठ उघडली. नोटा घामानं ओल्या झाल्या होत्या.

चष्मा लावून ते कापडबाजारात उभे राहिले, तेव्हा समोरच्या माडीवरच्या पाट्या, सायकलवाले, तागे उलगडणारे गुमास्ते असं सगळं एकदम अंगावर आलं. ओळखीचे दोन-तीन चेहरे दिसले. ते किती म्हातारे झाले होते! त्यांच्यापैकी एकानं यशयांकडे बघितलं, पण ओळखलं नाही, आणि तो पुढे गेला.

त्या सप्टेंबरात निजामाच्या हैदराबादची गडबड झाली. नगरच्या छावणीतून पलटणी गेल्या, सोलापूरकडच्या गाड्या शिपायांनी भरून जाऊ लागल्या. रोझी तिकडेच होती. यशया रोज कुणाकडून तरी वर्तमानपत्र मागून वाचायचे. सगळं शांत झाल्यावर, ऑक्टोबरात, त्यांनी सोलापूरचं तिकीट काढलं. खिडकीशी पुन्हा तळवा भिजला, पण ते रांगेतून हलले नाहीत. बरोबर नातीसाठी एक झबलं आणि पेरूंची टोपली होती. झबलं अंदाजानं घेतलेलं, ते तिला आखूड झालं.

बाबांना दारात बघून रोझीला रडूच आलं. जॉर्जनं त्यांची पिशवी घेतली. हन्ना आईच्या पाठीमागे लपली. दुपारी जॉर्ज शाळेत गेला, पोर झोपली, रोझी तांदूळ निवडत बसली, तेव्हा यशया तिच्यासमोर बसून म्हणाले,

"त्या दिवशी मी आजारी नव्हतो, रोझी. मी स्टेशनावर आलो होतो."

तिचा हात थांबला. "मग? मी फाटकापर्यंत आले होते बाबा!"

"मी कुंपणापाशी होतो. फलाटाचं तिकीट काढलं नाही."

"तिकिटासाठी?"

"पैशासाठी नव्हे गं. हात निघाला नाही." त्यांनी सगळं सांगितलं. चहाचं, पायरीचं, बाप्तिस्म्याच्या दिवशी दाराआडून ऐकलेलं, रंगुबाईचं. रोझी सूप मांडीवर धरून ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर तिनं सूप बाजूला सारलं.

"मला वाटायचं, मला मुलगी झाली म्हणून येत नाही तुम्ही," ती म्हणाली. "नाही तर आईचं नाव ठेवलं ते आवडलं नसेल. दोन वर्षं मी काय काय मनात आणलं, बाबा. एक कार्ड तरी टाकायचंत." तिचा आवाज चढला होता. मग ती उठून आत गेली आणि बराच वेळ आतच राहिली. यशया निवडायचे राहिलेले तांदूळ पुढे घेऊन बसले.

ते आठ दिवस राहिले. रोझी त्यांच्याशी प्रेमानं वागली, गरम पाणी काढून दिलं, आवडीचं वांग्याचं भरीत केलं. पण मधूनच काही बोलता बोलता ती गप्प व्हायची, आणि का ते यशयांना ठाऊक असायचं. हन्ना शेवटच्या दोन दिवसांत जवळ येऊ लागली. निघताना त्यांनी लेकीला विचारलं, "नाताळात याल का केडगावाला?"

"बघू. यांना सुट्टी मिळाली तर," रोझी म्हणाली. नाही म्हणाली नाही.

केडगावाला परतल्यावर यशयांना पहिल्यांदा आपली खोली दिसली. एक घोंगडी, एक तवा, एक पितळी, एक तांब्या. तिघं माणसं आली तर बसायला जागा नाही. त्यांनी बाजारात जाऊन खाट ठरवली. सुताराशी थोडी घासाघीसही केली, आणि आपण घासाघीस करतोय हे लक्षात येऊन त्यांना बरं वाटलं. दोन पितळ्या घेतल्या, लहान मुलाच्या हातात बसेल असं एक फुलपात्र घेतलं. प्रत्येक वेळी छाती धडधडली. एक सतरंजी तर घेतलेली परत द्यायला निघाले होते, पण अर्ध्या वाटेवरून मागे फिरले. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ते देवळात आतल्या बाकावर बसले. पिशवी आली, त्यांनी टाकलं, पिशवी पुढे गेली. शेजारी कुणी ओळखीचं नव्हतं.

नाताळच्या आधी सोलापूरहून कार्ड आलं. हन्नाला गोवर आला होता, यायला जमणार नव्हतं. उन्हाळ्यात बघू, असं लिहिलं होतं. यशयांनी कार्ड दोनदा वाचलं आणि फडताळात ठेवलं. नव्या खाटेवर सतरंजी घातलेली होती. ती काढून गुंडाळून ठेवावी, उगीच मळेल, असं त्यांच्या मनात आलं.

नाताळच्या दुपारी छगन आला. सरकारी गाडी पुण्याहून आली होती आणि त्याला थोडा वेळ होता. दारात वाकून त्यानं खोलीभर नजर फिरवली.

"मालक, खाट घेतली व्हय? कोनासाठी?"

"येतील कुणी," यशया म्हणाले. "तू बस तर खरा."

छगन खाटेच्या कडेवर अंग चोरून बसला. यशयांनी डब्यातल्या करंज्या नव्या पितळीत काढल्या. करंज्या शेजारच्या आक्काबाईला साहित्य आणून देऊन करून घेतलेल्या होत्या आणि तिघांच्या मानानं केल्यामुळे पुष्कळ उरणार होत्या. छगननं चार खाल्ल्या, घाटातल्या जुन्या गाडीच्या दोन गोष्टी सांगितल्या, आणि ड्युटीची वेळ झाली म्हणून उठला. जाताना त्याच्या हातात यशयांनी पोरांसाठी करंज्यांची पुडी दिली.

तो गेल्यावर सतरंजीवर सुरकुत्या पडल्या होत्या. यशयांनी त्या हातानं सारख्या केल्या आणि दार उघडंच ठेवून ते खाटेवर आडवे झाले.